शंभर यार्ड, दोनशे रुपये

जागतिक तंबाखूविरोधी दिन, 31 मे, दरवर्षी उन्हाळी सुट्टीत येतो. जूनमध्ये सिल्वासातल्या शाळांची घंटा वाजेल तेव्हा फाटकाबाहेरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत असतील की नाही, हे आत्ताच ठरायला हवे.

2003च्या केंद्रीय तंबाखू कायद्याचे सहावे कलम स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायचा नाही आणि शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे 91 मीटरांत, तो कोणालाच विकायचा नाही. मोडणाऱ्याला दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. दुसऱ्या टोकाला 2015चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या 77व्या कलमाखाली मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिली शिक्षा टपरीवाला धंद्याच्या खर्चात धरतो. दुसरी पाच-दहा रुपयांच्या पुडीसाठी लावायला हवालदाराचा हात धजत नाही. रोज वापरता येईल अशी मधली शिक्षा आपल्याकडे नाही.

2019च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरत होती. चघळण्याच्या तंबाखूची सुरुवात सरासरी दहाव्या वर्षाच्या आसपास झालेली. दहाव्या वर्षी, म्हणजे चौथी-पाचवीत! कायद्यातले अठरा आणि हे दहा यांच्यात आठ वर्षांची मोकळी वाट आहे.

कर्नाटकाने विधानसभेत केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून खरेदीचे वय 21वर नेले. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020मध्ये सुट्या सिगारेटी-बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. हा नेमका घाव होता, कारण मूल पाकीट घेत नाही, एक घेते. आम्हाला, दादरा-नगर हवेलीला, विधानसभा नाही. लोकसभेत आमचा एकच आवाज. वापी शेजारी, आणि खानवेल-दुधनीच्या वारली पाड्यांचे महाराष्ट्रातल्या तलासरी-जव्हारशी नात्यागोत्याचे जाणे-येणे. अशा ठिकाणी सीमेपलीकडची बंदी पाड्यावर पोहोचेपर्यंत विरून जाते. गुटख्याचेही तेच झाले: बंदी आली, तेव्हा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकला जाऊ लागला.

म्हणून आमचे मागणे परवान्याचे आहे. तंबाखू विकणाऱ्याला नगरपरिषदेचा वेगळा परवाना घ्यावा लागावा आणि त्याच गाळ्यात बिस्किटे-चॉकलेट ठेवायला मनाई असावी. मुलाला पुडी दिल्याचे एकदा सापडले तर परवाना महिनाभर बंद, दुसऱ्यांदा कायमचा रद्द. दोनशेची नोट देऊन सुटता येते, बंद शटरमधून सुटता येत नाही. टपरी हेच ज्याचे पोट आहे, त्याला शाळेपासून दूर जागा देण्याची जबाबदारीही प्रशासनाने उचलावी. नाहीतर तो चार दिवसांनी तिथेच परत येईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

शाळा उघडायला थोडेच दिवस आहेत. तोवर अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांना सोबत घेऊन प्रत्येक फाटकापासून फीत धरावी आणि 91 मीटरांवर रस्त्यावर चुन्याची रेघ ओढावी.