हक्क आणि मेहेरबानी

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथून परतवाड्याकडे उतरणारा घाट वळणावळणाचा आहे. अशा उतारावर सायकल आपोआप वेग घेते. तिला आवरणे मात्र चालवणाऱ्याच्या हाती असते.

समजा, तुम्ही मित्राला डबल सीट घेऊन भरधाव उतरलात आणि सायकल कठड्यावर आदळली. चिमटा मागे वाकला. हँडलजवळ फ्रेमच्या नळीला सुरकुती पडली. आता हा खर्च कोणी सोसावा? "सायकल नवीन आहे, दुकानदाराने बदलून द्यावी," असे अनेकांना वाटते. मला ते योग्य वाटत नाही.

ग्राहकाला हक्क आहेत, हे खरेच. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा आज लागू आहे. मालात दोष असेल, तर ग्राहक दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत मागू शकतो. फ्रेमचा जोड कच्चा असेल आणि साध्या वापरात तो उकलला, तर बेधडक तक्रार करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु धडकेने वाकलेली फ्रेम हा मालातला दोष नव्हे.

तरीही एखादा दुकानदार म्हणतो, "सामानाचे पैसे दे, मजुरी राहू दे." ही त्याची मेहेरबानी आहे, आपला हक्क नव्हे. खोटे बोलून ती मिळवली, तर ती फसवणूक होते. मग तो दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहू लागतो. ज्या मुलाला खरोखर सदोष सायकल मिळाली, त्याचेही म्हणणे मग कोणी ऐकत नाही.

खरे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. धडक बसल्याचे कळले, तर कारागीर नळ्या, जोड आणि चिमटा नीट तपासतो. ती लपवली, तर एखादा बारीक तडा तसाच राहून जातो. सुरकुती पडलेली नळी ठोकून सरळ केली, तरी तिची पहिली ताकद परत येत नाही. अशी सायकल पुढच्या उतारावर दगा देऊ शकते. तेव्हा ते जिवावर बेतते.

म्हणून घाट उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासा आणि डबल सीट टाळा. सायकल मोडलीच, तर जे घडले ते जसेच्या तसे सांगा. जे हक्काचे आहे, ते ठामपणे मागा. मेहेरबानी मिळाली, तर आभार माना. पण तिला हक्क समजून दुसऱ्यांदा मागू नका.