एका शब्दाचा फरक



घरात काय शिजावे हे गृहिणी ठरवते, असे आपण मानतो. परंतु बाजारात कोणते बियाणे यावे, हे आधी सरकारी कचेरीतील फाईलवर ठरते. म्हणून जनुकीय बदल केलेल्या अन्नाकडे शासकीय अधिकारी कोणत्या दृष्टीने पाहतात, हा आपल्या स्वयंपाकघराचाही प्रश्न आहे.

बीटी वांग्याचे उदाहरण घ्या. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा प्रतिकार व्हावा, म्हणून त्यात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातले होते. ते प्राण्याचे नव्हे, हे शाकाहारी कुटुंबांनी ध्यानी घ्यावे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी पर्यावरण मंत्रालयाच्या जनुक अभियांत्रिकी मंजुरी समितीने या वांग्याला अनुकूल कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने समितीवर नेमलेले शास्त्रज्ञ डॉ. पुष्पमित्र भार्गव यांचे मत मात्र झालेल्या चाचण्या अपुऱ्या आहेत असे होते. मग तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत शेतकरी, शास्त्रज्ञ व ग्राहक यांचे म्हणणे ऐकले आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती दिली. त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘मंजुरी’ जाऊन ‘मूल्यमापन’ हा शब्द आला.

फरक एका शब्दाचा, पण दृष्टीचा. मंजुरीसाठी बसलेल्याचे लक्ष अर्ज पूर्ण आहे की नाही याकडे असते. मूल्यमापनासाठी बसलेला ‘याची गरज आहे काय?’ असेही विचारू शकतो.

अर्थात, नाव बदलले म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली ती धाग्याचे पीक म्हणून. त्याच्या सरकीचे तेल मात्र आपल्या फरसाणापर्यंत पोहोचले. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, हे खरे. तरीही ते कशापासून निघाले, हे खाणाऱ्याला कळायला नको का? १ जानेवारी २०१३ पासून अशा अन्नाच्या पाकिटावर ‘जीएम’ ही अक्षरे छापण्याचा नियम लागू झाला. आपल्यापैकी किती जणांनी ती अक्षरे कधी पाहिली?

आंधळा विरोध नको, आंधळा विश्वासही नको. ‘माहिती पुरेशी नाही’ असे फाईलवर निर्भयपणे लिहिणारा अधिकारी आपल्याला हवा. आणि त्याने तसे लिहावे, यासाठी दुकानात पाकीट उलटून वाचणारा, प्रश्न विचारणारा ग्राहकही हवा.