लपवण्यासारखे काय आहे?

दिवाळीत दार उघडे ठेवावे, लक्ष्मी येते, असे आमची आजी म्हणे. पण तीच आजी लक्ष्मीपूजन आटोपले की फडताळाला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावी. या दोन गोष्टींत तिला कधी विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. मला खटकते ती विसंगती निराळी आहे. पुढच्या दाराला दोन कड्या, वर साखळी, जिन्यात कॅमेरा. आणि ज्या खोक्यातून घरात इंटरनेट शिरते, त्या खोक्याला मात्र कारखान्यातून आलेला पासवर्ड जसाच्या तसा. अशी घरे मी आमच्या गल्लीतच डझनभर मोजून दाखवीन.

हे कोणाला बोलून दाखवावे, तर उत्तर तयार असते. आमचे शेजारी नाना, महसूल खात्यातून निवृत्त झालेले, परवाच म्हणाले, "अहो मास्तर, आम्ही मध्यमवर्गीय माणसं. आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" माझे भांडण त्या वाक्याशी आहे. नानांशी नाही, ते सज्जन आहेत, आणि दरवर्षी त्यांच्याकडून चकल्यांचा डबा येतो. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही, मास्तरकी करतो, कादंबऱ्या लिहितो, आणि यंत्रशास्त्रात माझी गती बेताचीच. पण हे वाक्य यंत्राविषयी नाहीच. ते माणसाविषयी आहे, आणि ते खोटे आहे.

खोटे कसे, ते नानांच्याच घरातून सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडून पत्रे जात. खुशालीचे असले की पोस्टकार्ड. ते पोस्टमन वाची, सारा वाडा वाची, कोणाची हरकत नसे. पण थोरल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हा गावोगावच्या नातेवाइकांना गेली ती पाकिटे, खळ लावून, वरून बोट फिरवून घट्ट केलेली. त्या पाकिटांत चोरीचा माल होता काय? एका मुलीचे दुःख होते, आणि ते कोणी वाचायचे व कोणी नाही, हे घरच्यांना स्वतः ठरवायचे होते. लपवणे निराळे आणि झाकणे निराळे. न्हाणीघराला आपण कडी लावतो, ती काही आत गुन्हा करायचा असतो म्हणून नव्हे.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची शहाऐंशी वर्षे उलटलेली असताना, आधारच्या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीतून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या वयात माणसे काशीयात्रेचा विचार करतात. हे गृहस्थ कोर्टाची पायरी चढले. आणि आम्ही? कापडाच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागितला, की मागच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवतो.

आता माझे पाप सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता मास्तरी उपदेश व्हायचा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता, एक्केचाळीस मुले. नाव, जन्मतारीख, पत्ता, आईबापांचे मोबाईल, आधार क्रमांक, अशी सारी यादी मी कॉम्प्युटरवर सुबक तयार केली, आणि 'नावांचे शुद्धलेखन तपासून घ्यावे' म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. शुद्धलेखनाचा मला फार अभिमान! त्या गटात पालक किती, काके-मामे किती, शाळा सोडून गेलेल्यांचे नंबर किती, हे मी पाहिलेच नव्हते. पंधरा दिवसांत एका मुलीच्या आईला फोन आला. बोलणाऱ्याला मुलीचे पूर्ण नाव, तुकडी, जन्मतारीख सारे पाठ. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, रक्कम खात्यात घ्यायला पिन टाका, असे तो म्हणाला. इतके सगळे ज्याला ठाऊक, तो शाळेचाच माणूस असणार, असे तिला वाटले. कोणालाही वाटले असते. शिवणकामातून साठवलेले अठरा हजार रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, देण्यासाठीच लागतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. असे झाले की त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, जितकी लवकर तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा अधिक, हेही नाही. ती शाळेत आली आणि मलाच म्हणाली, "गुरुजी, माझंच चुकलं."

यादी माझ्याच गटावरून फुटली हे मी सिद्ध करू शकत नाही. ती तिथून फुटली नाही, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. नानांच्या हिशेबाने त्या बाईकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते. अठरा हजार तेवढे होते.

तेव्हापासून मी घरातल्या कडीकोयंड्याकडे पाहू लागलो. राउटरला पासवर्ड एक नसतो, दोन असतात, हे मला तेव्हा कळले. एक आपण पाहुण्यांना सांगतो तो, वायफायचा. दुसरा खुद्द राउटरच्या कारभाराचा, आणि तो कित्येक घरांत 'ॲडमिन' हाच असतो. जोडणी करून देणारा पोरगा घाईत असतो, आपण त्याच्यासाठी चहा टाकण्याच्या गडबडीत असतो, आणि घराची खरी किल्ली अशी उंबऱ्यावर पडून राहते. त्याने काय होते? २०१६ साली 'मिराई' नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम जगभर फिरत होता. त्यात बुद्धीची मोठी करामत नव्हती. कारखान्यातून येणारी नावे आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्या त्यात लिहून ठेवल्या होत्या, आणि तो घरोघरच्या कॅमेऱ्यांची व राउटरांची दारे त्या जोड्यांनी ठोठावत जाई. उघडले की ते यंत्र त्याचे दास. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा दास झालेल्या यंत्रांची फौज अमेरिकेतल्या एका कंपनीवर धावून गेली, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांच्यासारखी बडी ठिकाणे काही तास लोकांना दिसेनाशी झाली. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे त्या फौजेत होते, ते बिचारे सोफ्यावर बसून 'आज नेट का चालत नाही' म्हणून हळहळत असतील! म्हणजे नाना, तुमचे दार उघडे राहिले तर चोर तुमच्याकडेच येतो असे नाही. तो तुमच्या गच्चीवरून दुसऱ्याच्या घरात उतरतो.

काम अर्ध्या तासाचे आहे. कारभाराचा पासवर्ड बदलावा, वायफायला डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री ही सुरक्षा लावावी, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करावी, आणि पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यासाठी निराळे 'गेस्ट' जाळे ठेवावे. सोवळ्याच्या घरात पाहुण्यांची भांडी वेगळी असत. ती चाल वाईट होती. ही तशी नाही.

पासवर्डाविषयी मात्र मला कंपन्यांवर राग काढायचा आहे. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदल, ही जाचक संहिता बिल बर नावाच्या अमेरिकन सरकारी अधिकाऱ्याने २००३ साली लिहिली. २०१७ साली त्या गृहस्थांनीच आपल्याला तिचा पश्चात्ताप होतो असे सांगितले, आणि त्यांच्या जुन्या संस्थेनेही त्याच वर्षी नियम फिरवला: पासवर्ड लांब असावा, विनाकारण बदलायला लावू नये. पण आमच्याकडच्या कित्येक कचेऱ्यांना अजून त्याचा पत्ता नाही. परिणाम काय होतो ते कोणत्याही वर्गात पाहा. अशक्य नियम केला की मुले कॉपी करतात. मोठी माणसे 'गणेश@१२३' लिहितात, तीन महिन्यांनी 'गणेश@१२४' करतात, आणि तोच बँकेला, तोच मेलला. त्यापेक्षा एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द एकापुढे एक लिहावेत. प्रत्येक खात्याला निराळे, आणि बँकेला व मेलला दुसरी पडताळणी जोडलेली. आठवत नसतील तर वहीत लिहून कपाटात ठेवावेत. रशियातला चोर तुमचे कपाट उघडायला येत नाही.

घरचा कॉम्प्युटर 'अपडेट करू का' विचारतो तेव्हा 'नंतर' म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडातली इस्पितळे बंद पाडली, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. आणि विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आहेत. मुदतवाढ न घेता ज्यांच्याकडे ते अजून चालू आहे, त्यांनी त्यावर बँकेचे काम करू नये. मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल आली तर ते लग्न चुकवावे. आणि पोलिसांच्या वेषात व्हिडिओवर येऊन कोणी 'डिजिटल अटक' केली म्हणाला, तर फोन ठेवावा. तसली अटक कायद्यात नाही.

"आता सगळंच बाहेर गेलंय हो, उरलंय काय?" हे दुसरे वाक्य. ते बोलणाऱ्यांच्या घरात एकदा चोरी झाली तर ते दुसऱ्या दिवसापासून दार सताड उघडे टाकतात काय? तिसरे वाक्य, की हे सरकारने पाहावे. पाहावेच! २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. तोवर माझ्या वर्गातली मुले सातवी ओलांडून जातील.

यंदा जूनमध्ये त्याच बाईचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात आला. अर्ज भरता भरता तिने मान वर केली. "गुरुजी, हा कागद कुठं ठेवणार?" मी कपाट दाखवले, कुलूप ओढून दाखवले. "आणि किल्ली?" मी ती खिशातून काढून दाखवली. तिने मोबाईलचा रकाना भरला. आधारचा कोराच ठेवला. मीही काही बोललो नाही.