वरचा मजला आणि खालचे मन



घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत. इस्राएलात त्याला आणखी एक शेपूट जोडावे लागते: शेजाऱ्यांनी बांधू दिले तर!

दक्षिणेकडील आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एका बेने इस्राएल कुटुंबाने आपल्या बैठ्या घरावर मजला चढवायचे ठरविले. म्हातारी आई खाली राहील. मुलगा, सून व नातवंडे वर राहतील, एवढाच बेत. नकाशा झाला, वआदाकडे अर्ज गेला, शेजाऱ्यांना नोटिसा आल्या आणि पाठोपाठ हरकतीचा एक कागद गल्लीत फिरू लागला. त्यावर सहा सह्या झाल्या. सहापैकी चार आपल्याच माणसांच्या होत्या. त्या चारांतली एक माझी.

ही गोष्ट मी झाकून ठेवू शकलो असतो, पण मग पुढचे बोलण्याचा मला अधिकार राहिला नसता.

कागदात काय लिहिले होते? ऊन अडेल, वारा अडेल, अंगणात त्यांची नजर पडेल, गाड्या वाढतील, वस्तीचे रूप बिघडेल. माझे घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या अंगणातून त्यांच्या गच्चीवरचा दूदसुद्धा दिसत नाही! मग सही का केली? कागद घेऊन आलेला माणूस रोजच्या बैठकीतला, त्याला नाही कसे म्हणावे? आणि खरे सांगायचे तर, माझा मुलगा तेल अवीवकडे भाड्याच्या घरात राहतो. त्यांचा मुलगा आईच्या डोक्यावर छप्पर घालून तिच्याजवळच राहणार, हे मला कुठेतरी सलत होते.

हरकतीचा हक्कच नको, असे माझे म्हणणे नाही. 1965 च्या नियोजन व बांधकाम कायद्याने तो शेजाऱ्याला दिला, हे योग्यच झाले. आपली मिश्ना तर त्याहून कितीतरी जुनी. तिच्या बाबा बाथ्रा या भागात शेजाऱ्याच्या खिडकीपासून चार हात अंतर सोडून भिंत घालावी, सामाईक अंगणात दुसऱ्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी पाडू नये, असे नियम आहेत. म्हणजे उजेड आणि आडोसा हे शेजाऱ्याचे हक्क आपल्या धर्मानेच मानले आहेत. तीच गोष्ट मजबुतीची. 1980 पूर्वी परवाना मिळालेल्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून 2005 साली सरकारला तामा 38 ही योजना आणावी लागली. 1927 च्या भूकंपाने लोद आणि रामला यांची किती हानी केली, हे तेथील आपल्या लोकांनी ऐकले असेल. तेव्हा खालच्या जुन्या भिंती वरचे ओझे पेलतील का, असे विचारणारा शेजारी वैरी नव्हे. त्याला इंजिनियरचा दाखला दाखविलाच पाहिजे.

पण आमच्या कागदात इंजिनियरचे नावही नव्हते. कोणत्या खिडकीचा उजेड जातो, हेही कोणी मोजले नव्हते. एकाचे भले होते, दुसऱ्याचे काडीचेही जात नाही, तरी तो आडवा येतो, या वृत्तीला तलमूद सदोमची रीत म्हणतो. आम्ही सहा जणांनी त्या रीतीवर सह्या केल्या.

आणि आम्ही कशाला आडवे गेलो? त्या नकाशात एक मामाद होता. 1991 च्या युद्धात खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर मास्क चढवून आपण बसलो होतो. त्या अनुभवानंतर 1992 पासून नव्या घरांत मामाद सक्तीचा झाला. जुन्या घरांतल्या माणसांनी काय करावे? सायरन झाला की म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून सार्वजनिक मिक्लात गाठावा लागतो.

बंधूंनो, 1964 साली यरुशलेममध्ये आपली माणसे धरणे धरून बसली होती. आपल्या लग्नांच्या आड बाहेरचे लोक येत होते, आपल्या यहुदीपणाची चौकशी करीत होते. तेव्हा लहानथोर सारे एक झाले आणि कनेसेटला आपली बाजू घ्यावी लागली. बाहेरच्यांनी अडविले तेव्हा एक झालेले आपण, आज आपल्याच माणसाच्या विटा का अडवितो? चाळीत एका गॅलरीवर आठ-आठ बिऱ्हाडे गुण्यागोविंदाने राहिली. इथे दोन भिंतींच्या मध्ये अंगण आले, तर मने आखडली!

वआदाने शेवटी परवाना दिला, पण दोन वर्षांनी. तोपर्यंत मुलाने कंटाळून दुसऱ्या गावी घर घेतले होते. मजला चढलाच नाही. म्हातारी खाली एकटीच राहते. जून 2025 मध्ये इराणची क्षेपणास्त्रे येऊ लागली, तेव्हा एका रात्री तिला मिक्लातपर्यंत धरून नेणारा मीच होतो. वाटेत ती सहीबद्दल एक शब्द बोलली नाही. "सावकाश रे बाबा, पायरी आहे," एवढेच म्हणाली. मला त्या पायरीवरच बसावेसे वाटले.

म्हणून सांगतो. बांधणाऱ्याने अर्जाआधी नकाशा घेऊन स्वतः शेजाऱ्याकडे जावे, नोटिशीने त्याला दचकवू नये. शेजाऱ्याने वआदाचे दार गाठण्याआधी समोरचे दार वाजवावे. खिडकी दोन हात सरकवून भागत असेल, तर ते चहाच्या कपावर ठरते. त्याला वकील लागत नाही. दोघांचे जमले नाही तर सिनेगॉगमधील चार वडीलधारी माणसे आहेतच. आणि ज्याचे काहीच जात नाही, त्याने कागद हातात घेऊन पूर्ण वाचावा आणि सही न करता परत द्यावा.

ओळखीचा माणूस रागावेल. रागावू दे. त्याचा राग शब्बाथपर्यंत टिकेल. माझी सही मात्र त्या घराच्या उघड्या गच्चीवर अजून तशीच आहे.

आपला,
सही करणाऱ्यांपैकी एक