'डायरेक्ट'

परवा आमचा गॅस गीझर पुन्हा मधेच बंद पडायला लागला. डोक्याला साबण आणि पाणी गार! मेकॅनिकने झाकण उघडून तांब्याच्या नळीला चिकटलेली बटणाएवढी चकती आणि तिच्या दोन बारीक वायरी दाखवल्या. म्हणाला, "काका, हा थर्मोस्टॅट त्रास देतोय. वायरी एकमेकींना जोडून डायरेक्ट करून देतो, परत बंद पडणार नाही."

हा 'डायरेक्ट' शब्द मी जन्मभर ऐकत आलोय. फ्यूज उडतो? जाड तार घाला. अर्थिंग नाही? चालतंय की!

मी त्याला थांबवलं. (मास्तरकी जात नाही हो अंगातून.) गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला स्विच लागतो, ठिणगी पडते आणि सेलच्याच विजेवर गॅसची झडप उघडी राहते. नळी फार तापली की चकती ही वीज तोडते, झडप मिटते. वायरी जोडल्या तर नळी कितीही तापो, गॅस चालूच. म्हणजे आजाऱ्याचा ताप न बघता थर्मामीटर फेकून देण्यासारखं.

मग नळी का तापत होती? आत क्षारांचा थर, बाहेर काजळी. काजळी बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. गेल्या डिसेंबरात आंघोळ करून येताना सौ.ला भोवळ आली होती. आम्ही ॲसिडिटी समजून आल्याचा रस दिला! गीझर न्हाणीघरातच आणि खिडकीच्या काचपट्ट्यांत थंडीसाठी कागद कोंबलेला. कल्याणची थंडी ती काय, पण कागद कोंबणारा मीच.

माझ्या आईचा तांब्याचा बंब परसात असायचा. धूर डोळ्यांत जायचा, पण निदान दिसायचा तरी.

कागद त्याच दिवशी काढला. नळी साफ झाली, चकती नवी बसली, वायरी होत्या तशाच राहिल्या. मेकॅनिक जरा नाराज दिसला, पण चहा घेऊन गेला. आता गीझर बाल्कनीत हलवायचाय. सौ. म्हणते, तिथे माझ्या तुळशीचं काय?

पुण्याच्या वहिनी, तुमचाही न्हाणीघरातच आहे ना? झाकण उघडवून फोटो पाठवा. खिडकीचाही.