धोक्याचा बोर्ड लावला की झालं?

दर शनिवारी सकाळी मी पुण्याहून पेणला घरी जातो. एक्सप्रेसवेने घाट उतरायचा, खोपोलीला बाहेर पडायचं आणि पुढे पेणचा रस्ता. घाटात जुन्या, सोडून दिलेल्या रेल्वेच्या दगडी कमानी दिसतात. ट्रॅफिक असलं की निवांत दिसतात, आणि ट्रॅफिक असतंच.

गेल्या आठवड्यात रोह्याला मामाकडे जेवायला गेलो होतो. सहज बोलून गेलो, की त्या जुन्या मार्गावर चालायची वाट करायला हवी. मामाने ताटातून मानही वर केली नाही. "तुम्हा आयटीवाल्यांना वीकेंडला फोटो काढायला जागा पाहिजे. आधी पेण-रोह्याच्या गाड्या वाढवा म्हणावं!" मामी गरम भाकरी वाढत होती, त्यामुळे तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

तर मंडळी, हा मार्ग म्हणजे काय? बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. डोंगराच्या अरुंद सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी चढून आली की रिव्हर्सिंग स्टेशनात थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. आमच्या भाषेत याला वर्कअराउंड म्हणतात. 'तात्पुरता' म्हणून केलेला आमचा वर्कअराउंड पाच वर्षं टिकतो, हा ६६ वर्षं प्रोडक्शनमध्ये होता! १९२९ मध्ये नवीन मार्ग झाला आणि हा तुकडा सुटला.

बांधकाम ऐन भरात असताना १८६१ मध्ये इथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुरं करून घेतलं. तिचं नाव निदान पुस्तकात आहे. सुरुंगात आणि कॉलऱ्यात जे हजारो मजूर गेले, त्यातलं एक तरी नाव तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही. त्यांचं स्मारक म्हणजे त्यांनी रचलेला दगड, आणि त्यावर आता झुडपं वाढतायत.

यावर ठरलेलं उत्तर येतं : जुने पूल धोक्याचे असतात. बरोबर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, महाडला, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. पण कुंडमळ्याचा पूल ब्रिटिशांचा नव्हता, जेमतेम तीस वर्षांचा होता. तिथे कमी पडली ती गर्दी मोजणारी आणि अडवणारी माणसं.

माझा मुद्दा एवढाच आहे. 'धोका' असा बोर्ड लावणं म्हणजे काळजी घेणं नव्हे, ती फक्त जबाबदारी झटकणं. लोक येणारच. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला चालू रुळांवरून निघालेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तरी माणसं जातात. चालू रूळ सुरक्षित ठेवायचे असतील तर बंद पडलेला मार्ग नीट उघडा ना!

इंग्लंडमध्ये मोन्सल ट्रेल आहे. १९६८ मध्ये बंद पडलेला लोहमार्ग, त्यावरचे बोगदे २०११ मध्ये चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुले केले. आपल्याकडे काय होतं? एप्रिल २०२० मध्ये याच घाटातला १८३० चा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. तो एक्सप्रेसवेवर अडथळा होता, अपघात होत होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेल्वेच्या या कमानी कुणाला अडवत नाहीत. यांना पाडावं लागणार नाही, नुसतं दुर्लक्ष पुरेल.

करायचं काय? आधी स्ट्रक्चरल ऑडिट. पूल नापास झाला तर वर कुणी चढायचं नाही, खालून बघायची वाट करा. पास झाला तर कठडे, चालू लाईनच्या बाजूने पक्कं कुंपण, एका वेळी मोजकी माणसं, मुसळधार पावसात बंद. तिकीट लावा, आणि राखण करायला आसपासच्या वाड्यांमधली पोरं पगारावर घ्या. मजुरांसाठी एक पाटी, मराठीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका माणसाच्या नावावर ही जबाबदारी लिहा. ज्या सिस्टीमला ओनर नाही ती शुक्रवारी संध्याकाळी पडते, हे मी स्वतः भोगलंय :)

मामाचा प्रश्न खोटा नाही. गाड्या वाढायलाच हव्यात, त्या मागणीवर माझी सही घ्या. पण ही वाट झाली नाही म्हणून रोह्याला एकही गाडी जास्त मिळालेली नाही, १९२९ पासून.

असो. पुढच्या शनिवारी भाकरी संपल्यावर हेच मामाला ऐकवणार आहे.