काळ्या नदीतलं पांढरं पाणी



‘आमच्या गावची नदी’ हा निबंध आपण सगळ्यांनीच मुलांकडून लिहून घेतला आहे. वह्या तपासायला घेतल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : नदी ही जीवनदायिनी आहे. शेवटचंही ठरलेलं : आपण नदी स्वच्छ ठेवली पाहिजे. मधल्या दहा ओळींत ती नदी कुठून येते, कुठे खोल आहे, कुठे ओढ जास्त आहे, तिच्या काठावर पूर्वी काय होतं, यातलं काहीच नसतं. आणि वर्गाबाहेर आपण त्याच मुलांना एकच गोष्ट बजावतो, “नदीकडे फिरकायचं नाही!” म्हणजे वहीत नदी आई आणि घरी नदी बागुलबुवा. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्हींमुळे मूल नदीला ओळखत नाही. आणि जे मूल नदीला ओळखत नाही, ते तिच्या काठावर सुरक्षितही नसतं.

हे मत पटवून देण्यासाठी मी आज तुम्हाला जरा लांब नेणार आहे. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. त्याच्या दक्षिण भागात टाफ, ऱ्होंडा, कायनन अशा नद्या उत्तरेच्या डोंगरातून दक्षिणेला समुद्राकडे उतरतात. नकाशात पाहिलं तर हाताची बोटं पसरल्यासारखी ही अरुंद खोरी दिसतात. एकेकाळी ही जगातल्या मोठ्या कोळसा-प्रदेशांपैकी एक होती. १९१३ साली इथून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंघेनिथ गावच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. कोळशाचा विक्रम आणि खाणीतली सर्वांत मोठी दुर्घटना एकाच वर्षात. त्या खोऱ्यांचा इतिहास असा आहे.

कोळसा धुतलेलं पाणी सरळ नदीत जायचं. नद्या अक्षरशः काळ्या वाहायच्या. मासे संपले. पोहायला तर सोडाच, पाण्यात पाय बुडवायलाही कुणी जात नसे. पुढे खाणी एकेक करून बंद पडल्या. १९८४-८५ चा मोठा संप झाला, तो मोडला. ऱ्होंडा खोऱ्यातली शेवटची खोल खाण १९९० च्या डिसेंबरात बंद झाली. टॉवर नावाची एक खाण कामगारांनी स्वतःचे पैसे घालून विकत घेतली आणि चालवली, तीही २००८ मध्ये थांबली. हजारो घरांची रोजीरोटी गेली, हे विसरता येणार नाही. पण त्याच काळात नदी हळूहळू निवळली. कोळशाची धूळ थांबली, सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली, बंधाऱ्यांवर माशांना चढून जाण्यासाठी वाटा केल्या. टाफ नदीत सामन मासा परत आला.

आणि आता त्याच नद्यांवर लोक कयाक घेऊन उतरतात.

कयाक म्हणजे काय?

कयाक म्हणजे एका माणसाची, वरून झाकलेली छोटी होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. बसणाऱ्याच्या कमरेभोवती घट्ट झाकण असतं, त्यामुळे होडीत पाणी शिरत नाही. होडी उलटली तर आतला माणूस वल्ह्याच्या एका झटक्याने पाण्यातूनच तिला सरळ करतो. ही युक्ती शिकायला आधी तलावात कितीतरी तास सराव करतात. खडकांवरून आपटत, फेसाळत जाणाऱ्या पाण्याला हे लोक ‘पांढरं पाणी’ म्हणतात. त्याच्या अवघडपणाच्या १ ते ६ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीचं पाणी नवशिक्यासाठी, सहाव्या पायरीचं म्हणजे जवळजवळ जिवाशी खेळ.

तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा खेळ, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला याचं काय? खेळ बाजूला ठेवा. तो खेळण्याआधी काय शिकावं लागतं, तेवढं बघा.

त्या खोऱ्यांतल्या नद्या चढतात भराभर आणि उतरतातही भराभर. डोंगर उभे, खोरं अरुंद, त्यामुळे रात्री पाऊस पडला की सकाळी पाणी वाढलेलं, आणि पाऊस थांबला की थोड्याच वेळात दगड उघडे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी नदी वाचावी लागते. पुलाच्या खांबावर पाणी कुठपर्यंत आलं आहे? पाण्याचा रंग काय? मोठ्या खडकामागे पाणी थोपून उलटं फिरतंय, तिथे विसावा घेता येईल का? पाणी पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून जातंय का? तसं असेल तर तिकडे जायचंच नाही; पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस मात्र अडकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंधारा. या खोऱ्यांत लोखंडाच्या कारखान्यांना आणि कालव्यांना पाणी मिळावं म्हणून पूर्वी जागोजागी बंधारे बांधले. कारखाने गेले, कालवे बुजले, पण बंधारे आहेत. वरून पाहिलं तर पाणी गुळगुळीत घसरताना दिसतं, अगदी निरुपद्रवी. पण खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन पृष्ठभागावर पुन्हा बंधाऱ्याकडेच मागे वळतं. त्यात सापडलेली वस्तू गोल गोल फिरत राहते. फेसात हवा इतकी मिसळलेली असते की अंगावर तरंगण्याचं जाकीट असूनही माणूस नीट तरंगत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्सच्याच पश्चिमेला हॅव्हरफर्डवेस्ट गावात फळीवर उभं राहून वल्हवणारा एक गट भरलेल्या नदीत अशाच बंधाऱ्यावरून गेला आणि चार जणांचा जीव गेला. बंधारा फार उंच असावा लागतो असं मुळीच नाही.

आता आपल्याकडे या. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर गावोगावी आहेत. पावसाळ्यात त्यावरून पाणी पडायला लागलं की मुलं तिथे भिजायला जमतात. मोठी माणसंही जमतात, मोबाईलवर फोटो काढतात. बंधाऱ्याखालचं पाणी मागे खेचतं, हे त्यातल्या किती जणांना कुणी शाळेत सांगितलं असेल? आपल्या पाठात बंधाऱ्याचे फायदे असतात. पाणी अडतं, पाणी मुरतं, विहिरींना पाणी वाढतं. सगळं खरं. पण त्याच पाठाला एक ओळ जोडायला काय हरकत आहे?

नकाशावरचा झरा

या खोऱ्यांची आणखी एक गोष्ट आहे. शिक्षक म्हणून ती मला सगळ्यात जास्त बोचते.

टाफ नदीच्या काठी अॅबरव्हॅन नावाचं गाव आहे. गावाच्या वर डोंगरउतारावर खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढिगारे होते. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मुलं नुकतीच वर्गात बसली असताना, सात नंबरचा ढिगारा घसरला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. त्यांत पाच शिक्षक होते.

हा ढिगारा झऱ्यांवर टाकलेला होता. झरा लपलेला नव्हता. तो नकाशावर दाखवलेला होता, गावातल्या लोकांना माहीत होता. स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेच्या मागच्या ढिगाऱ्याच्या धोक्याबद्दल १९६३ मध्येच पत्र लिहिलं होतं. पुढे चौकशी झाली आणि खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळावर जबाबदारी ठेवण्यात आली. म्हणजे माहिती होती. ती माहिती ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी मनावर घेतली नाही.

आज कयाकवाले टाफ नदीतून जातात तेव्हा ते याच खोऱ्यातून जातात. आणि धोका पूर्ण संपलाय असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या वादळी पावसात ऱ्होंडा फाख खोऱ्यात टायलर्सटाउनला एका जुन्या ढिगाऱ्याचा हजारो टन भाग घसरून नदीत आला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर सरकारने मोजणी केली, तर वेल्समध्ये असे दोन हजारांहून जास्त जुने ढिगारे निघाले. नदी निवळली, हिरवळ आली, पण डोंगरावर जुनं ओझं आहेच. शिवाय तिथली जुनी गटारं आणि पावसाचं पाणी बऱ्याच ठिकाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस झाला की ते नळ भरून नदीत सोडले जातात. कयाकसाठी पाणी चांगलं असतं तेव्हाच ते घाणही असू शकतं. तेव्हा ‘नदी सुधारली’ असं म्हणून टाळ्या वाजवण्यासारखी ही गोष्ट नाही. सुधारली आहे, पण तिच्यावर नजर ठेवणारी माणसं लागतात. आणि रोज पाण्याच्या पातळीवर बसणाऱ्या माणसापेक्षा चांगली नजर कुणाची असणार?

माझा मुद्दा इथे आहे. जो नदीत उतरतो, त्याला नदीचं काय बिघडलं ते पहिल्यांदा कळतं. जो काठावरून नमस्कार करून जातो, त्याला कळत नाही.

चंद्रपूर, वणी, उमरेड भागात आपल्याकडेही कोळशाच्या खाणी आहेत, खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत. माळीण (२०१४) आणि इरशाळवाडी (२०२३) इथे खाण नव्हती, पण डोंगर आणि पाणी यांचं नातं तेच होतं. आपल्या वर्गातल्या मुलाला घरामागच्या उतारावर नवा झरा फुटलेला दिसला, भिंतीला किंवा जमिनीला भेग दिसली, तर ती गोष्ट मोठ्यांना सांगायची असते, हे आपण त्याला शिकवलंय का? आणि त्याने सांगितलं तर आपण ऐकणार आहोत का?

पालकांची शंका

मला माहीत आहे, काही पालक म्हणतील, “गुरुजी, नदीची गोडी लावलीत तर पोरं जास्त जातील.” ही भीती खोटी नाही. दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळ्यात बुडण्याच्या बातम्या आपण वाचतो. पण त्या बातम्या नीट वाचा. बऱ्याचदा एक बुडतो आणि त्याला वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो. त्याच्याकडे माया होती, धाडस होतं, फक्त माहिती नव्हती. कयाकवाल्यांचा पहिला धडा हाच असतो : आधी काठावरून हाक मारा, काठी पुढे करा, दोर फेका, उडी हा सगळ्यात शेवटचा उपाय, तोही शिकलेल्यासाठी. दुसरा धडा : वाहून जात असाल तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा, आणि ओढीच्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, कारण पाय दगडांत अडकला की पाणी वरून दाबतं. या दोन धड्यांना ना होडी लागते, ना पैसे. “जाऊ नको” हे सांगायचंच आहे. पण “का” आणि “गेलास तर काय” हे सांगितल्याशिवाय ते अर्धंच राहतं.

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं, ते वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे आकाश निरभ्र असतानाही नदी वाढू शकते. धरणाखालच्या गावांत पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो भोंगा कशाचा, हे तिथल्या पहिलीतल्या मुलालाही माहीत हवं.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासाच्या तासाला हे करून बघा. मोठ्यांच्या देखरेखीत, पुलावरून किंवा लांबून, पाण्यात कुणालाही न उतरवता :

१. पुलाच्या खांबावरची पाण्याची खूण महिन्यातून एकदा बघून तक्त्यात नोंदवा. जूनची आणि जानेवारीची तुलना करा.

२. काठाने दहा मीटर अंतर मोजा. कोरडं पान वरून सोडा आणि किती सेकंदांत जातं ते मोजा. मधल्या धारेचा आणि काठाजवळचा वेग वेगळा का, हे मुलांनाच सांगू द्या.

३. आजी-आजोबांना विचारून या : पूर्वी नदीत काय धुवायचे? कुठे पोहायचे? कोणता मासा आता दिसत नाही? कोणती जागा तेव्हाही धोक्याची होती?

४. गावाचा नकाशा काढताना झरे, ओढे, बंधारे, मातीचे ढीग, सगळं दाखवायला सांगा.

५. मैदानावर दोर फेकण्याचा सराव घ्या. मुलांना हा खेळ फार आवडतो.

हे सगळं झाल्यावर मग निबंध लिहायला द्या. विषय मात्र बदला. ‘आमच्या गावची नदी’ ऐवजी ‘आमच्या नदीबद्दल मला माहीत असलेल्या दहा गोष्टी’ असा द्या. ‘जीवनदायिनी’ हा शब्द आला तर लाल शाईने त्याखाली फक्त “कशी?” असं लिहा. मूल उत्तर शोधायला परत नदीकडे, नाहीतर आजीकडे जाईल. दोन्ही चालेल.

तुमच्या वर्गात हे करून पाहिलंत तर मुलांनी काय लिहिलं ते नक्की कळवा. विशेषतः तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचायला मला फार आवडेल.